ही बाजू वर

सुजल आग्रे विचारतो,
काका, रॅप आणि हिप-हॉप एकच ना?
मी शारजात फ्रिजच्या गोदामाचा किल्लेदार,
म्हणजे किल्ल्या माझ्याकडे, एवढंच.
मला काय विचारतोस, म्हणालो,
मी फक्त पुठ्ठे देतो.

दर शुक्रवारी दोन-दरवाजी फ्रिजचं एक खोकं
भंगारवाल्याच्या आधी बाजूला काढतो,
पिना उपटतो चिमट्याने, एकूण एक.
त्यावर माणसाचं डोकं फिरणार असतं.

रोल्याच्या मागे, बंद लाँड्रीच्या बोळात,
ते डोकं ओटिएनोचं.
बारा तास मॉलच्या दारात तो हलत नाही,
हलण्याचा पगार नाही.
रात्री पाय आभाळाकडे करून
साठलेलं सगळं एकदम सोडतो.

मुन्झिर सुदानचा. त्याला भिंत हवी असते,
आणि इथली एकही भिंत आपल्या बापाची नाही.
म्हणून तो उभ्या पुठ्ठ्यावर अक्षरं काढतो,
फुगलेली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली,
आणि पहाटे भिंतीची घडी घालून
काखोटीला मारून खोलीवर जातो.
रोमेल तबकडी मागे ओढतो, पुढे सोडतो,
गाणं जिथे दम घेतं
तेवढाच तुकडा पुन्हा, पुन्हा.

सुजलकडे शब्द होते.
चांगले होते, खोटं कशाला बोला.
गादी उभी करून तिच्या आडोशाला फोनमध्ये गाणं भरलं,
तासाच्या भाड्याची पिवळी गाडी आणली,
ऐंशी हजार लोकांनी बघितलं.
गावाहून माझ्या बायकोनेही.
गाडी कुणाची, एवढंच तिने विचारलं.
मग त्याचं बोळात येणं थांबलं.

त्याच सुमाराला ओटिएनोचा पगार थकला, तीन महिने.
कुणी भाषण केलं नाही.
तो डोक्यावर फिरत असताना
कडेला काढलेल्या त्याच्या चपलांत
कुणी दहा, कुणी वीस दिरहम खोचले.
याचं गाणं झालं नाही.

आमच्या गुहागराकडे गौरीगणपतीत जाखडी.
शाहीर मध्ये बसतो, ढोलकी शेजारी,
भोवती पोरं, एका पायात चाळ.
शक्तीवाला तुरेवाल्याला शब्दांनी सोलतो,
पहाटे दोघं एकाच विडीवर.
शाहीर गाजतो, गाजू दे.
पण अंगण कुणी सारवलं,
बत्तीला हवा कुणी मारली,
मध्यरात्रीचा चहा कुठल्या घरातून आला,
ते कॅसेटमध्ये भरता येत नाही.
हे सुजलला सांगायचं होतं. जमलं नाही.

परवा तो आला. गाडीशिवाय.
नेमकी स्पीकरची बॅटरी मेली होती.
कुणीतरी टाळी धरली,
कुणीतरी मला आत ढकललं.
मी गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा
उजव्या घोट्याला बांधला
आणि एकोणपन्नासाव्या वर्षी दोन गिरक्या घेतल्या.
हसले सगळे. मग हसता हसता
मुन्झिरने किल्ल्यांचा ताल उचलला.

सुजल कडेला, ओठ हलतायत.
काका, माझी पाळी कधी?
आधी ते टोक धर, म्हणालो, पुठ्ठा सरकतोय.
तो उकिडवा बसला, दोन्ही हातांनी धरलं.
त्याच्या अंगठ्याशी छापील बाण:
ही बाजू वर.
तिथेच, जरा अलीकडे,
ओटिएनोने डोकं टेकवलं.