करमंनागेलं

पुण्याहून संपादिकेचं पत्र आलं:
लेख स्वीकारला आहे. तीन हजार शब्दांचे अडीच हजार करा,
संदर्भसूची अकारविल्हे लावा,
रुग्णाची ओळख पटेल असं काही ठेवू नका.

गुरुवारची ओपीडी संपवून मी बसले
परभणीच्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेशेजारच्या खोलीत.
तिच्या दारावर अजून 'भांडार' असंच लिहिलंय.
राहू दिलंय. माझ्याकडे यायला लाजणाऱ्यांना
ते बरंच पडतं.

तिचं गाव उचलून दुसऱ्या तालुक्यात ठेवलं
(कुठून कुठं, ते इथंही सांगायची नाही).
वयात सहा वर्षं घातली.
दोन लेकींचा एक लेक केला.
बांगड्यांचं दुकान काढून घेऊन
शिवणयंत्र दिलं, आणि माळावरचं घर.
नवऱ्याला, लेखापुरतं, जिवंत ठेवलं.
थोडा खोकला दिला त्याला, खरा वाटावा म्हणून.

एवढं केल्यावर तिचं असं काय उरलं?
पहिल्या दिवशी स्टुलाच्या कडेवर टेकून,
पिशवी मांडीवर घट्ट धरून
ती जे म्हणाली तेवढंच:
'म्याडम, करमंनागेलंय.'

प्रुफं आली. नेमकी त्याच शब्दाखाली लाल शाई.
'करमत नाही असे हवे. बाकी लेख उत्तम.'

तीनदा उत्तर लिहून फाडलं.
बाई, 'करमत नाही' म्हणतो
बदली होऊन आलेला ग्रामसेवक,
सुट्टीत मावशीकडे धाडलेलं पोर.
चार दिवसांनी त्यांना करमतं.
हिला आधी करमत होतं.
भाकरी थापताना, गिऱ्हाइकाच्या मनगटाला साबण लावताना,
नळावर भांडताना तर फारच.
मग झोप येईनागेली,
जेवण जाईनागेलं,
थोरलीचा फोन वाजला तर उचलू वाटंनागेला.
हरेक क्रियापदाच्या शेपटाला बघा,
कुणीतरी गेलेलं आहे.
लेखात मी ज्याला जिवंत ठेवला
तो व्याकरणात मेला आहे, बाई,
तिथून मला त्याला हलवता येत नाही.

(शेवटच्या तीन ओळी पाठवल्या नाहीत.)

प्रश्नावलीत विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा?
ती म्हणाली होती, वेळा कशाच्या?
ते काय येऊन जातंय का.

दोन दिवसांनी उत्तर: 'ठेवते. तळटीप द्या.'
तळटीप एक पान झाली.
कापून चार ओळी केल्या.
खाली नाव, उज्ज्वला गिराम, पदवी, पद, पिनकोड.

अंक आला तो गोळ्यांचा साठा संपल्याच्या आठवड्यात.
टेबलावर पडून होता.
ती आली धाकटीला घेऊन; पोरगी बारावीला,
दिसेल तो कागद वाचणारी.
मी स्टोअरला फोन लावून उभी,
आणि मागे पोरीनं मोठ्यानं वाचायला घेतलेलं
माझं अडीच हजार शब्दांचं मराठी.

संमतीच्या कागदावर सही आहे तिची.
वाचून दाखवला होता मी, दोनदा.
आठवत नसावं तिला.
की असावं?

ती ऐकत राहिली. माळ. शिवणयंत्र.
तो खोकणारा माणूस.
त्या शब्दापाशी पोरगी अडखळली, हसली,
'आई, तुझ्यावानीच बोलतीय ही.'
ती हसली नाही.
'बिचारी,' म्हणाली, 'नवरा असून?'

मग पदर सारखा करत, अगदी हळू,
'भेट घालून द्या की एकदा, म्याडम.
बसू दोघी.'

बघते, म्हणाले मी.
आणि केसपेपरवर पुढची तारीख घातली.