दोन शब्द

मोक्षधामवर कोणीतरी म्हणालं,
ताई, दोन शब्द बोला.
मी चष्म्याची काडी चावत उभी राहिले.
पद्माकरकाका खोकले. मग दोन मिनिटं शांतता,
तीही पुरती झाली नाही.
मागून नाग नदीचा वास.

बाबा बोलायचे ते पंपाशी, वाळ्याशी,
भर मे महिन्यात
अर्ध्या नागपूरच्या कूलरांशी.
माझ्याशी एवढंच: टॉर्च नीट धर.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन वाजला.
झिंगाबाई टाकळीहून कोणी:
मिस्त्री, पाणीच चढून नाही राहिलं जी,
लेकरू झोपत नाही.

सांगायचं होतं, ते गेले.
तोंडातून आलं:
आधी बटन बंद करा.
पंप उचला. जाळीत कचरा असंल, तो काढा.
नळी एकदा फुंकून पाहा.
हळू.
त्याच्यावर चिडू नका.

पलीकडे बराच वेळ बादलीचे, चपलांचे आवाज.
मग वाळ्यावर टपटप.
मग धार.

किती झाले? त्यानं विचारलं.
काही नाही.
बरं, मिस्त्रीले सांगजा, चालू झाला म्हणून.

सांगते, म्हटलं.