पांढऱ्या खांद्याची टाकी

चार टाक्या होत्या माझ्याकडं. एप्रिलात नेल्या.
छोटा हत्ती आला, दोन पोरं उतरली,
मास्क हनुवटीखाली ओढून म्हणाली, मेस्त्री, सही करा.
काळ्या टाक्यांच्या खांद्यांना
इथंच उद्यमनगरात कुणीतरी पांढरा रंग फासला
आणि लोखंड कापायचा वारा
माणसांच्या छातीत गेला.

तेव्हापासून शटर अर्धं.
आत मी, स्टूल,
आणि एक अर्धवट कापलेली प्लेट.
खडूची रेघ पुढं गेलेली,
कापाची रेघ तिथंच उभी.

परवा घरी पोराच्या हातनं दुधाचा तांब्या सांडला
तर मी असा ओरडलो
की समोरच्या माडीवरल्या इंगवले काकूंनी
खिडकी लावून घेतली.
पोरगं काही बोललं नाही.
दूध फडक्यानं पुसलं.
ते न बोलणं अजून फरशीवर आहे.

थोरली म्हणाली, पप्पा, श्वासाकडं लक्ष द्या.
मोबाईलवर एक बाई सांगतात,
मागं झऱ्याचा आवाज लावून.
बसलो. एक. दोन.
तीनला मकबूलचा बेड नंबर आठवला,
चारला कारखान्याकडं अडकलेलं बिल,
पाचला घसा खवखवला. का खवखवला?
सहा आलंच नाही.

बत्तीस वर्षं मी ज्योत बघतोय, हिरव्या काचेतनं.
ज्योतीला कुणी शांत हो म्हणत नाही.
आधी नुसतं बघायचं असतं.
लांब, पिवळी, काजळी टाकत डुलते: गॅस जादा.
आखूड, टोकदार, फिसफिसते: ऑक्सिजन जादा.
मधे एक जागा असते,
नखाएवढी निळी कळी, धार धरून उभी.
तिथं पोचायला किल्ली एवढीशी फिरवायची,
मग आणखी एवढीशी.
घाईनं पिळली की फट्ट करून विझते
आणि तासभर कान दणाणतो.
हे मी किती पोरांना शिकवलं.
मकबूललाही.

तर काल दिवे लागायच्या वेळेला
शटराआड बसून मी स्वतःलाच काच लावली.
राग आला. पोराचा नाही,
रोज सकाळी ग्रुपवर पडणाऱ्या फोटोंचा,
हार घातलेल्या, ओळखीच्या.
म्हटलं, पिवळी.
मग दसरा चौकाकडं सायरन गेला
आणि भीती आली, आखूड, दात आवळून.
म्हटलं, हां, ही दुसरी.
विझवायला गेलो नाही.
हात मात्र आपसूक उचलला,
जिथं किल्ली असते तिथं, हवेतच,
आणि श्वास सोडला एवढासा,
मग आणखी एवढासा.
निळी कळी काही दिसली नाही, खोटं कशाला सांगू.
पण स्टुलाचा एक पाय आखूड आहे
हे अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात फोन. सीपीआरमधनं, मकबूल मुजावर.
बोलायला दम पुरत नव्हता,
म्हणाला, उस्ताद, नुसतं थांबा लाईनवर.
थांबलो.
पलीकडनं बारीक, सरळ, न तुटणारा आवाज.
हा आवाज मी झोपेतही ओळखतो.
म्हटलं, मक्या, प्रेशर बरोबर आहे बघ.
तो हसला बहुतेक.
खोकलाही असेल.
टाकी कुणाची, त्यानं विचारलं नाही
आणि मी मोजत बसलो नाही,
त्याचा श्वास गेला की माझा जायचा,
एवढंच.

रात्री घरी आलो. पोरगं जागं होतं.
तांब्या काठोकाठ भरला, त्याच्या हातात दिला,
म्हटलं, ओत.
त्यानं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग वाटीकडं.
हात कापत होता. थोडं सांडलंच.
आम्ही दोघांनी ते नुसतं बघितलं,
पांढरं, फरशीच्या फटीतनं
सावकाश पुढं जाताना.