सोळाशे टक्के

आधीचं टिंब कापसाचं निघालं.
समोरच्या जिनिंगमधून कापूस उडतो दिवाळीपासून होळीपर्यंत,
मानवतच्या प्रत्येक दुकानात येऊन बसतो, न विचारता.
पाऊण तास मी एक पांढरं टिंब रंगवत होतो
आणि ते रंग घेईना.
इलियासभाईंनी मागून येऊन स्क्रीनवर फुंकर मारली.
टिंब उडालं.
"पाऊण तासाचा पगार कापू का?"

त्यानंतर कुठल्याच पांढऱ्या टिंबावर
मी विश्वास ठेवला नाही.

फोटो शाळेचा, सातवी ब, कृष्णधवल.
मागच्या रांगेत, मास्तरांच्या कोपराआड
शेवटून दुसरी एक मुलगी,
चेहरा सगळा मिळून चाळीस टिंबं रुंद.
कौसाबाईंना तेवढाच पाहिजे होता,
मोठा करून, रंगीत.
"केवळा. मपली थोरली बहीन.
दुसरा फोटू न्हाई."

सोळाशे टक्क्यांवर माणूस राहत नाही,
नुसती शहाबादी फरशी,
कुठं ओली, कुठं कोरडी.
एका टिंबाची पेन्सिल घ्यायची,
एकेक फरशी भरत जायची,
मधूनच मागं सरकून बघायचं
अजून मुलगीच आहे ना.

झग्याचा रंग विचारला तर बाई पटकन बोलल्या:
"अंबाडीच्या फुलावानी. पिवळा, गळ्यापाशी मरून.
गुंड्या पाच. खालची निराळी, हिरवी.
पुढं तो झगा मलाच आला की,
तीन वर्सं घातला."

गालाचा रंग विचारला तेव्हा
त्या खूप वेळ दाराबाहेर बघत राहिल्या.
मग स्वतःचा हात पुढं केला.
"ह्याच्याहून जरा उजळ घे."
मी बांगड्यांखालचा घेतला,
जिथं ऊन पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिंट हातात धरून म्हणाल्या,
"समदं हाय. नाकातलं कुठंय?"

नाकात काही नव्हतं.
म्हणजे होतं. डाव्या नाकपुडीवर एक टिंब,
शेजारच्यांपेक्षा पांढरं,
जे मी कचरा समजून पुसलं.
कंट्रोल झेड, कंट्रोल झेड, मागं मागं गेलो.
प्रोग्रामला फक्त पन्नास पावलं आठवतात.
मूळ स्कॅन उघडला.
ते तिथंच होतं.

"चमकी का? सोनेरी करतो.
एका टिंबाचं काम, पैसे नाही लागायचे."

"चमकी कुठली बाबा.
नाक टोचलं नागपंचमीला. सोनं दिवाळीला करू म्हनले.
भोक बुजू नये म्हनून काडी घातलती, शाळूची.
पोळा झाल्यावर ह्यो फोटू काढला.
दिवाळी काय तिला दिसली न्हाई."

यूपीएस शिट्टी मारायला लागला. लाइट गेली होती.
पंख्याची पाती सावकाश मोजता येऊ लागली.
घाईघाईत सेव्ह करून
मी दोन रंग शेजारी शेजारी मांडले.
सोनं: दोनशे बारा, एकशे पंचाहत्तर, पंचावन्न.
काडी: दोनशे चौदा, एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे वीस.
फरक म्हणावा तर निळ्याचा.
काडीत निळा जास्त असतो,
हे मला त्या दिवशी कळलं.

"तुम्ही म्हणाल तर सोनंच..."

कौसाबाईंनी चष्मा कपाळावर सारला,
तोंड स्क्रीनच्या इतकं जवळ नेलं
की काचेवर वाफ धरली.
"नगं. सोन्यात म्या वळखायची न्हाई तिला."

जिनिंगही बंद पडलेलं,
म्हणून क्लिकचा आवाज आला.

आठ बाय बारा, चकचकीत कागद.
छापून आल्यावर ते टिंब मोहरीएवढं.
इलियासभाईंनी फोटो उजेडाकडं धरला,
"अरे, इथं कचरा राहिला बघ,"
आणि फुंकर मारली.

मग अजून एक, जोरात.

ते जागचं हललं नाही.