खाकरणं

अण्णांच्या नोंदवहीत दरसाल, भाद्रपद संपता संपता,
एक ओळ सापडते:
"निळा. आपल्यातला न्हाय. तीन दिवस तारेवर. गेला."

आपल्यातला म्हणजे तास पक्षी, तपकिरी छातीचा,
बारा महिने इथल्याच खांबांवर बसणारा.
हा दुसरा. याची मान, छाती, सगळंच निळं,
पाठ तेवढी विटेच्या रंगाची.
नाव लिहायची जागा अण्णांनी कोरी सोडलेली.

लिंबराज कसबे, वनरक्षक, येडशी बीट.
सोलापूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत,
सोलापूरलाही एकदाच, डोळ्याच्या ऑपरेशनला.
रामलिंगच्या घळीत उतरताना
पहिल्या धावड्यापाशी थांबायचे
आणि खाकरायचे. दोनदा. खालच्या पट्टीत.
मी लहान. विचारलं, तर म्हणाले,
"कुनाच्या तरी घरात शिरलालो आपण.
कळाय नको का त्यान्ला?"

मी नोकरीतून सुटले तेव्हा
शहनाज मॅडम म्हणाल्या, आता तरी सोनं नको घेऊस.
म्हणून युगांडा.
एका परमिटच्या पैशात
आमच्या गल्लीतली दोन लग्नं उरकली असती,
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आठ माणसं, एक तास, दहा मीटर अंतर,
तोंडाला मास्क, बोट दाखवायचं नाही,
शिंक आली तर कोपरात.
चार तास चिखल आणि खाजऱ्या पानांचा चढ.
मॅडमच्या बुटाचा तळ निघाला,
तो त्यांनी ओढणीने बांधला आणि चालत राहिल्या.
पुढे ब्यारुहांगा, हातात कोयता,
वाटेतली शेण-लीद हुंगून सांगणारा: सकाळची आहे.

मग तो थांबला.
झुडपाकडे तोंड करून खाकरला.
दोनदा. खालच्या पट्टीत.

आणि झुडपातून तसंच उत्तर आलं.

पानं बाजूला झाली. राखेच्या रंगाची एक पाठ,
आमच्या दारापेक्षा रुंद.
सगळ्यांचे कॅमेरे वाजू लागले.
माझ्या मास्कच्या आत मात्र
संध्याकाळचे सात वाजले होते,
ओसरीवर बूट काढल्याचा आवाज,
आणि आई घाईघाईने चुलीवर तवा टाकत होती.
तासातली किती मिनिटं अशी गेली कोण जाणे.
फोटो एकच आला, त्यातही निम्मं पान.

परतीच्या रस्त्यावर गवताळ माळ लागला,
विजेची तार, आणि तारेवर तो.
मी गाडी थांबवायला लावली.
म्हटलं, हा आमच्याकडचा. माझ्या वडिलांच्या वहीत आहे.
ब्यारुहांगा म्हणाला, छे, आमचा. पावसाळाभर इथंच असतो.
तुमच्याकडे किती दिवस?
तीन, मी म्हणाले.
तो पोट धरून हसला:
म्हणजे तुम्ही वाटेतलं चहाचं हॉटेल!
त्याने नाव सांगितलं त्याचं. मी लिहून घेतलं.
वहीत उतरवलं नाही अजून.
ती कोरी जागा अण्णांची आहे.

परवा रामलिंगला गेले.
पक्ष्याची समाधी असलेलं दुसरं रान मला माहीत नाही;
तिथं जटायूपुढे कुणीतरी ज्वारीचे दाणे टाकलेले,
आणि ते चिमण्या खात होत्या.
वानरांपासून दहा मीटर लांब उभी राहिले.
मास्क नव्हता, पदर धरला.
पण नियम त्यांना कुणी वाचून दाखवले नव्हते.
एकीने स्कूटीची डिकी उघडली, डबा काढला,
पिलाला पोटाशी घेऊन धपाटे खाल्ले,
ठेचा पुसून टाकला दगडाला.

मी खाकरले. दोनदा.
आवाज अण्णांसारखा निघाला नाही, चिरकला.
आपट्यावरच्या एका म्हाताऱ्या वानराने
माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं,
वाटेकडे, जरा जास्तच वेळ.

घरी येऊन वही उघडली.
अण्णांच्या शेवटच्या ओळीखाली दोन बोटं जागा सोडून
लिहिलं:
"वानर सतरा. पिलं चार. डबा गेला.
निळा अजून यायचाय."