तुटेपर्यंतची लांबी

जबड्यात पट्टी घट्ट बसली की मी श्वास धरते.
सवयच. तेओबाल्दो हसतो त्यावर.
मिनिटाला पाच मिलिमीटर, इतक्या सावकाश
वरचा जबडा खालच्यापासून दूर होतो
आणि पडद्यावर रेघ चढू लागते.

एकशे बारा नंबर. शुद्ध, काही न मिसळलेली.
उसाच्या साखरेवर पोसलेल्या जिवाणूंनी
उपासमारीच्या भीतीनं अंगात साठवलेली चरबी,
ती काढून, वितळवून, दाबून केलेला पापुद्रा.
रेघ सरळ वर गेली. मग कट्.
ना मान बारीक झाली, ना कड पांढरी पडली.
मोडेन पण वाकणार नाही, त्यातली.
वहीत लिहिलं: दोन टक्के लांबली.
महिन्यापूर्वी हिचीच बहीण पाच टक्के लांबली होती.

कुणी हात लावला नव्हता.
खणात पडून होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
साओ कार्लोसच्या या उकडत्या खोलीत
आतल्या आत स्फटिक होत राहिली,
उरलंसुरलं सैल होतं तेही रांगेत उभं करत.

बाबा इबातेला असतात.
ओरोझिंबो, सत्तावीस हंगाम ऊस तोडलेला माणूस.
कोयता सुटून बारा वर्षं झाली, मळ्यात यंत्र फिरतं,
उजवी मूठ अजून त्याच जाडीच्या दांड्याभोवती मिटलेली.
डॉक्टरीणबाई म्हणाली, काम थांबलं की जास्त आखडतं.
मी नुसती मान हलवली.

मायक्रोस्कोपखाली, गरम ताटलीवर, अंधारात एक ठिपका.
त्याची चकती झाली: पोटात काळी फुली,
अंगावर खोडासारखी वलयं.
दुसरी. चौथी. वाढत वाढत भिडतात,
आणि भिडतात तिथे सरळ बांध पडतो.
भेगा बहुतेक बांधावरूनच जातात.

मग निम्मं मऊ मिसळलं.
(तेलापासूनचंच ते, खरं सांगायचं तर, पण मातीत कुजणारं.)
मला वाटलं, विरघळतील एकमेकांत.
क्ष-किरण म्हणाले, नाही.
शिखरं होती तिथेच, तेरा अंशांवर, सतरा अंशांवर,
बुटकी झाली इतकंच.
स्फटिकानं कुणाला घरात घेतलं नाही.
मऊ ते फटीफटीत राहिलं, बांधाच्या आडोशाला,
आणि तेवढ्यानं पट्टी लांबली!
मध्ये बारीक, दुधाळ; चाळीस, नव्वद, एकशे तीस;
तेओबाल्दो कॉफी घेऊन परत आला तरी तुटली नव्हती.
ताकद निम्म्याहून कमी. तेही लिहिलं.

दोना इरासेमाला ताकद नकोच आहे.
इपेच्या रोपांना पिशव्या हव्यात तिला;
मागची खेप ट्रकमध्येच फाटली.
"मुळांनी फाडायची ती ड्रायव्हरनं फाडली,"
फोनवर ओरडत होती.

रविवारी एक तुकडा बाबांकडे नेला.
डाव्या हातानं त्यांनी उजवीची बोटं एकेक उलगडली,
अंगठा रोवला. पापुद्रा ताणला, नखाच्या आकाराचा झाला,
फाटला नाही.
"हा उसाचा?"
"निम्मा."
"तरीच," म्हणाले, आणि अंगठा तसाच ठेवून
कॉफीत साखर किती घातलीस ते विचारलं.

सहा पट्ट्या खणात ठेवल्यात, तारीख घालून.
ऑगस्टात ओढून बघेन.