प्रतवारी

आईने एकवीस वर्षं मोसंबी निवडली
वाशीच्या फळबाजारात, गाळ्यावर, पहाटेच्या बल्बखाली.
बघायची कमी. अंगठा फिरवायची.
एक नंबर, दोन नंबर, डागी,
आणि पायाशी ज्यूसवाल्याची टोपली.
म्हणायची, साल आधी बोलते,
फोड मागून.

तिची स्वतःची साल बोलली
ते तिने चार महिने ब्लाऊजच्या आत ठेवलं,
हळद लावून.
तुर्भ्याच्या आमच्या खोलीत दिवा मालवून
कपडे बदलायची.
मला वाटलं, वय झालं की बाईला लाज येत असेल.

खारघरच्या दवाखान्यात डॉक्टर मुलाणींनी
पडदा ओढला, चादरीखाली हात घातला.
आई छताकडे बघत म्हणाली,
"रुमालाखालचा सौदा."
डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं,
पूर्वी व्यापारी रुमालाखाली
एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे,
बाकीच्यांना पत्ता लागायचा नाही.
त्या हसल्या नाहीत. बोटं जरा थांबली,
मग काखेत गेली.

"संत्र्याची साल म्हणतात हिला.
कातडीत पाणी साचतं, रंध्रं उघडी दिसतात."
"संत्र्याची नव्हे, मोसंबीची," आई म्हणाली.
"संत्र्याची सुटी असते.
ही आत धरून बसलीय."

टेप काढली. लालीची रुंदी, लांबी.
नुसती खळी पडली असती,
बोंड आत ओढलं असतं,
तर तेवढ्यावर चार लागत नाही.
जखम फुटली, बाजूला बारीक गाठी उठल्या
किंवा कातडी अशी फुगली,
तर चार, त्यातला ब.
तिसरा हिस्सा किंवा जास्त
भराभर लालभडक होऊन सुजला असता, तर ड.
हिस्सा भरला नाही.
मी मनात बोटभर मोजून पाहिलं,
किती कमी पडला ते.
एवढ्या कमी पडण्याचं
मला आयुष्यात कधी बरं वाटलं नव्हतं.

आठवड्याने सगळे रिपोर्ट आले.
"टी चार ब. टप्पा तीन ब."
"चार, तर तीन कसं?"
आईला हिशोबात कुणी फसवलेलं चालत नाही.
डॉक्टरांनी कागद उलटा करून पेनाने काढून दाखवलं:
चार ही त्या जागेची खूण,
तीन सगळ्या अंगाची.
लिव्हर, फुप्फुसं, हाडं, फोटोत साफ.
आई बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली.
"म्हणजे पेटी गेली. ट्रक नाही."
"ट्रक नाही," डॉक्टर म्हणाल्या,
आणि आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक,
असं लिहायला लागल्या.

बाहेर गाडीवर मोसंबी होती.
तिने एक उचललं, अंगठा फिरवला, ठेवलं.
"दोन नंबर एकच्या भावात विकतोस?"
गाडीवाला म्हणाला, मावशी, घ्यायचं तर घ्या.
घेतलं नाही.

रात्री तिने दिवा चालू ठेवूनच साडी सोडली.
मी भिंतीकडे तोंड करून विचारलं,
तुझी निवड कधी चुकली का गं?
"पुष्कळदा. एक नंबर म्हणून दिलेलं
कापल्यावर कोरडं निघायचं. गिऱ्हाईक भांडायला यायचं."
आणि डागीतलं?
तिने पंख्याचं बटण दाबलं.
"डागीतलं गोड निघालं
तर ते सांगायला कोण परत येतंय."